घरी क्रिप्टो मायनिंग सुरू करण्यापूर्वी मांडायचा हिशेब

चौकट (या सभासदाचा मूळ लेख; पुढे इतर सभासदांचे प्रश्न आणि उत्तरे)

घरी क्रिप्टो मायनिंग सुरू करावे का, असा विचार करणाऱ्या बहुतेकांचा पहिला प्रश्न "कोणते यंत्र घेऊ?" हा असतो. माझ्या मते तो तिसरा किंवा चौथा प्रश्न असायला हवा. मायनिंगमध्ये नेमके काय घडते, त्यात आपला वाटा किती असू शकतो आणि एक युनिट वीज खर्ची पडल्यावर हाती किती नाणे येते, हे त्याआधी कागदावर मांडले पाहिजे. त्रैराशिक येणाऱ्या कोणालाही हा हिशेब जमतो. शिवाय तो पैशांऐवजी नाण्यांत मांडला, तर कोणत्याही देशातल्या माणसाला जसाच्या तसा वापरता येतो. म्हणून तो सविस्तर देत आहे.

आधी कामाचे स्वरूप पाहू. बिटकॉइनचा आराखडा सातोशी नाकामोतो या टोपणनावाने ३१ ऑक्टोबर २००८ रोजी प्रसिद्ध झाला आणि पहिला ब्लॉक, म्हणजे नोंदींचा पहिला गठ्ठा, ३ जानेवारी २००९ रोजी तयार झाला. मायनिंगचे मूळ काम तेव्हापासून तेच आहे. नव्या व्यवहारांचा गठ्ठा बांधायचा, त्याची खूण आणि आधीच्या ब्लॉकची खूण ८० बाइटांच्या एका मथळ्यात भरायची, त्या मथळ्यावर एसएचए-२५६ हे गणित दोनदा चालवायचे आणि येणारी संख्या ठरलेल्या मर्यादेपेक्षा लहान आहे का ते तपासायचे. लहान असेल, तर तो गठ्ठा नवा ब्लॉक ठरतो आणि तो आधी शोधणाऱ्याला नवी नाणी मिळतात. लहान नसेल, तर मथळ्यातला नॉन्स नावाचा आकडा बदलून पुन्हा तेच करायचे. येथे हुशारीला किंवा चिकाटीला वाव नाही. आधीचे अब्जावधी प्रयत्न वाया गेले म्हणून पुढचा प्रयत्न लागण्याची शक्यता तसूभरही वाढत नाही. नॉन्स चार बाइटांचा असल्यामुळे त्याला सुमारे ४२९ कोटी वेगवेगळी मूल्ये देता येतात, आणि सेकंदाला २०० टेराहॅश, म्हणजे दोनशे लाख कोटी प्रयत्न, करणारे आजचे यंत्र ती सगळी मूल्ये अवघ्या २१ मायक्रोसेकंदांत संपवते. त्यानंतर गठ्ठ्यातल्या पहिल्या व्यवहारात फेरफार करून नवा मथळा बनवावा लागतो. हे चक्र दिवसरात्र चालू असते.

हे काम जगातली सर्व यंत्रे मिळून कितीही वेगाने करू लागली, तरी ब्लॉक सरासरी दहा मिनिटांनीच तयार व्हावा अशी योजना आहे. दर २०१६ ब्लॉकनंतर, म्हणजे साधारण दोन आठवड्यांनी, मर्यादा आपोआप घट्ट किंवा सैल होते. यालाच काठिण्यपातळी म्हणतात. २०२१ मध्ये चीनने मायनिंगवर बंदी घातली, तेव्हा जगातली निम्म्याच्या आसपास यंत्रे बंद पडली आणि त्या वर्षी ३ जुलैला काठिण्यपातळी सुमारे २८ टक्क्यांनी उतरली. त्या दिवशी जे मायनिंग करत होते, त्यांना हात न हलवता जास्त नाणी मिळू लागली. एरवी उलटेच होते. इतरांनी नवी यंत्रे लावली की आपले यंत्र पूर्वीइतकेच काम करत असूनही आपले उत्पन्न घटते. घरच्या मायनरने मनाशी पक्की धरावी अशी ही पहिली गोष्ट आहे, कारण विक्रेत्यांच्या कोष्टकांत आजची काठिण्यपातळी वर्षभर स्थिर राहील असे गृहीत धरलेले असते.

आता हिशेब करू. एप्रिल २०२४ मध्ये झालेल्या हाविंगनंतर, म्हणजे बक्षीस निम्मे करणाऱ्या ठरलेल्या कपातीनंतर, एका ब्लॉकमागे ३.१२५ बिटकॉइन मिळतात. सुरुवातीला ५० मिळत असत. २०१२, २०१६ आणि २०२० मध्ये ते क्रमाने निम्मे होत गेले आणि पुढची कपात २०२८ च्या सुमारास आहे. दिवसाला सरासरी १४४ ब्लॉक होतात, म्हणजे जगभरात मिळून रोज ४५० नवे बिटकॉइन. व्यवहारशुल्क त्यावर थोडी भर घालते. सोयीसाठी ते बाजूला ठेवू. जगाचा एकूण हॅशरेट, म्हणजे सर्व यंत्रांचा मिळून प्रयत्नांचा वेग, २०२५ मध्ये एक हजार एक्झाहॅशच्या घरात गेला (एक एक्झाहॅश म्हणजे दहा लाख टेराहॅश). तोच आकडा धरू. २०० टेराहॅशच्या यंत्राचा त्यातला वाटा पन्नास लाखांत एक इतका होतो. म्हणजे त्याला दिवसाला सुमारे ९,००० सातोशी मिळतील. एका बिटकॉइनचे दहा कोटी सातोशी होतात. अँटमायनर एस२१ हे या ताकदीचे यंत्र सुमारे ३,५०० वॅट वीज घेते, म्हणजे दिवसाला ८४ युनिट. नऊ हजाराला चौऱ्याऐंशीने भागले, की युनिटमागे साधारण १०७ सातोशी पडतात.

हाच हिशेब २०१६ मधल्या अँटमायनर एस९ ला लावा. हे यंत्र आज जुन्या बाजारात अतिशय स्वस्त मिळते, म्हणून नवशिक्यांच्या नजरेत भरते. साडेतेरा टेराहॅश, वीज सुमारे १,३२० वॅट. दिवसाला जेमतेम ६०० सातोशी आणि खर्च जवळपास ३२ युनिट. युनिटमागे १९ सातोशी. तीच वीज नव्या यंत्राला दिली तर साडेपाचपट काम होते. स्वस्त यंत्राची किंमत आपण विजेच्या बिलातून फेडत राहतो, हे या दोन आकड्यांतून दिसते.

यापुढची पायरी प्रत्येकाने आपल्या बिलावरून करायची आहे. आपण एका युनिटला जी रक्कम भरतो, तेवढ्या रकमेत आज बाजारात किती सातोशी विकत मिळतात ते पाहावे. ते १०७ पेक्षा जास्त असतील, तर यंत्र फुकट मिळाले तरी मायनिंग तोट्याचे आहे. कमी असतील, तर उरलेल्या फरकातून यंत्राची किंमत कधी भरून निघेल हे पाहावे आणि त्या काळात काठिण्यपातळी वाढत जाईल असेच धरावे. हिशेब करताना बिलावरचा मूळ दर घेऊ नये. स्थिर आकार, कर आणि वापर वाढल्यावर लागू होणारा वरचा टप्पा धरून जो दर पडतो, तो घ्यावा. महिन्याला अडीच हजार युनिटांची भर पडल्यावर बहुतेक घरे वरच्याच टप्प्यात जातात.


पहिलेपाऊल

लेख दोनदा वाचला आणि आकडेमोड स्वतः करून पाहिली. माझ्या दराने एस२१ परवडत नाही, हे स्पष्ट झाले. परंतु माझ्याकडे खेळांसाठी घेतलेला एक चांगला संगणक आहे, आठ कोअरचा प्रोसेसर आणि त्यात एक बऱ्यापैकी ग्राफिक्स कार्ड आहे. नवीन काहीही विकत न घेता, निदान शिकण्यापुरते, या संगणकावर मायनिंग करता येईल का? आणि ग्राफिक्स कार्डावर इथेरियम काढण्याबद्दल जुन्या चित्रफितींत जे सांगितलेले असते, ते अजून लागू आहे का?


चौकट

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. इथेरियम आता मायनिंगने निर्माणच होत नाही. १५ सप्टेंबर २०२२ रोजी त्या जाळ्याने कामाच्या पुराव्याची, म्हणजे मायनिंगची, पद्धत सोडून ठेवींवर आधारलेली पद्धत स्वीकारली आणि त्या दिवशी जगभरची लाखो ग्राफिक्स कार्डे एकाएकी बेकार झाली. त्यातली बरीच इथेरियम क्लासिक आणि रेव्हनकॉइन यांसारख्या नाण्यांकडे वळली, त्यामुळे तेथील काठिण्यपातळी वाढली आणि प्रत्येकाचा वाटा आक्रसला. त्याआधी बनलेल्या चित्रफिती आणि त्यांतले उत्पन्नाचे आकडे आज पूर्णपणे कालबाह्य आहेत.

आपल्याजवळ आहे त्या संगणकावर शिकायचे असेल, तर माझी शिफारस मोनेरो या नाण्याची आहे. याचे कारण तांत्रिक आहे. बिटकॉइनचे गणित इतके एकसुरी आहे, की केवळ तेवढेच करणारी चिप बनवणे सोपे ठरले; २०१३ मध्ये अशा एसिक चिपा आल्या आणि प्रोसेसर व ग्राफिक्स कार्डे त्या स्पर्धेतून बाहेर पडली. मोनेरोने ३० नोव्हेंबर २०१९ पासून रँडमएक्स ही पद्धत वापरायला घेतली. तिच्यात प्रत्येक प्रयत्नासाठी एक छोटा, यादृच्छिक रीतीने बनवलेला प्रोग्रॅम चालवावा लागतो. ते काम सर्वसाधारण प्रोसेसरच उत्तम करतो, कारण तो मुळात कोणताही प्रोग्रॅम चालवण्यासाठीच घडवलेला असतो. जलद चालण्यासाठी तिला दोन गिगाबाइटांहून थोडी जास्त मेमरी लागते आणि प्रत्येक थ्रेडमागे (प्रोसेसर एकाच वेळी चालवतो त्या प्रत्येक कामामागे) दोन मेगाबाइट कॅश, म्हणजे प्रोसेसरमधलीच अतिजलद मेमरी, लागते. आपल्या प्रोसेसरची तिसऱ्या पातळीवरची कॅश १६ मेगाबाइट असेल, तर आठपेक्षा अधिक थ्रेड लावून वेग वाढत नाही, उलट घटतो. सोळा थ्रेड आहेत म्हणून सगळे जुंपावेत, असा मोह होतो. म्हणून हे मुद्दाम सांगितले.

एक्सएमरिग हे मुक्त सॉफ्टवेअर यासाठी प्रचलित आहे. ते सुरू केल्यावर पडद्यावर काय दिसते तेही सांगतो, कारण शिकण्यासारखे बरेच काही तेथेच असते. प्रथम मेमरीत माहितीसंच तयार होताना काही सेकंद जातात. मग दर थोड्या वेळाने एक ओळ उमटते, जीत शेवटच्या दहा सेकंदांचा, साठ सेकंदांचा आणि पंधरा मिनिटांचा सरासरी वेग दिलेला असतो. पहिल्या आकड्याकडे लक्ष देऊ नये. पंधरा मिनिटांचा आकडा स्थिरावला की तोच आपला खरा वेग. मधूनमधून हिरव्या अक्षरांत "स्वीकारले" अशा अर्थाची ओळ येते. ती पूलने (एकत्र मायनिंग करणाऱ्यांच्या गटाने) मान्य केलेली शेअर असते, म्हणजे आपण खरोखर काम करत असल्याचा लहानसा पुरावा. मोठ्या आकाराची मेमरी पाने वापरण्याची परवानगी संगणकाला दिलेली नसेल, तर तसा इशाराही सुरुवातीलाच दिसतो आणि त्या एका दुरुस्तीने वेगात लक्षणीय फरक पडतो. सोबत भिंतीवरच्या सॉकेटला एक साधा वॉटमीटर लावावा. सॉफ्टवेअर दाखवते ती केवळ प्रोसेसरची अंदाजी वीज असते. बिल मात्र भिंतीतून जाते तेवढ्याचे येते.

आठ कोअरचा आधुनिक प्रोसेसर या कामात सेकंदाला नऊ किलोहॅशच्या आसपास वेग देतो. मोनेरोच्या जाळ्याचा एकूण वेग पाच गिगाहॅश (पन्नास लाख किलोहॅश) धरला, तर आपला वाटा साधारण साडेपाच लाखांत एक इतका पडतो. तेथे दर दोन मिनिटांनी ब्लॉक होतो आणि जून २०२२ पासून प्रत्येक ब्लॉकमागे ०.६ मोनेरो हे किमान बक्षीस कायमचे ठरले आहे. दिवसाला ७२० ब्लॉक धरले, तर एकट्याने मायनिंग करून सरासरी दोन वर्षांत एक ब्लॉक लागेल. हा आकडा लहान वाटला तरी त्याचे महत्त्व मोठे आहे. एका टेराहॅशचे छोटे बिटकॉइन यंत्र वर धरलेल्या जागतिक वेगाविरुद्ध एकट्याने चालवले, तर ब्लॉक लागण्याचा सरासरी काळ एकोणीस हजार वर्षे येतो.

ग्राफिक्स कार्ड वापरायचेच असेल, तर त्याची वीजमर्यादा सॉफ्टवेअरमधून खाली आणावी आणि कार्डावरील मेमरीच्या तापमानावर नजर ठेवावी, कारण मायनिंगमध्ये मुख्य चिपपेक्षा मेमरीच अधिक तापते.


वीजतंत्री

माझे काम विद्युत जोडण्यांची तपासणी करण्याचे आहे, म्हणून त्या बाजूने लिहितो. चर्चांमध्ये हा विषय एका वाक्यात उरकला जातो आणि घराला खरा धोका असतो तो येथेच.

साडेतीन किलोवॅटचे यंत्र २३० व्होल्टवर सुमारे १५ अँपिअर प्रवाह घेते. १६ अँपिअरच्या सॉकेटमध्ये ते बसते, असे कागदावर वाटेल. परंतु घरातली मोठी उपकरणे काही मिनिटे किंवा तासभर चालतात आणि मग जोडणी थंड होते. मायनिंगचे यंत्र महिनोन्‌महिने थांबत नाही. सतत चालणाऱ्या भारासाठी सर्किटच्या क्षमतेच्या ८० टक्क्यांपेक्षा अधिक प्रवाह घेऊ नये, हा नियम त्यामुळेच पाळला जातो. उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. सॉकेटमागचा स्क्रू किंचित सैल असेल आणि त्या सांध्याचा रोध एका ओहमचा दहावा भाग जरी झाला, तरी १५ अँपिअरला त्या टिचभर जागेत २२ वॅटहून अधिक उष्णता निर्माण होते. एवढी उष्णता प्लास्टिकला अखंड मिळत राहिली, की आधी पिवळेपणा येतो, मग प्लगची पिन काळवंडते आणि सॉकेटचा आकार वाकडा होतो. तारेत दोष नसताना, एमसीबी न पडता, केवळ सांध्यामुळे वितळलेले सॉकेट मी तपासणीत पाहिले आहेत. एमसीबी का पडत नाही, असे लोक विचारतात. प्रवाह मर्यादेतच असतो, म्हणून तो पडत नाही.

यासाठी वितरण पेटीपासून स्वतंत्र तार, स्वतंत्र एमसीबी, चांगले अर्थिंग आणि गळती ओळखणारे संरक्षण असावे. एक्स्टेंशन बोर्ड किंवा बहुपिन अडॅप्टर कोणत्याही कारणाने वापरू नये. यंत्राच्या मागे लागणाऱ्या केबलचीही मर्यादा असते: संगणकाला सर्रास वापरतात ती सी-१३ प्रकारची जोडणी १० अँपिअरची, तर सी-१९ ही १६ अँपिअरची आहे. जेथे घरगुती दाब १२० व्होल्टच्या आसपास आहे, तेथे ही मोठी यंत्रे साध्या सॉकेटवर चालतच नाहीत. त्यांना २०० व्होल्टांवरचा पुरवठा वेगळा घ्यावा लागतो. हे सारे काम परवानाधारक तंत्रज्ञाकडूनच करून घ्यावे, आणि भाड्याच्या घरात असाल तर मालकाची लेखी संमती व विमा कंपनीची भूमिका आधी विचारावी.

एकाच मदरबोर्डवर अनेक ग्राफिक्स कार्डे जोडणाऱ्यांसाठी आणखी एक. कार्ड दूर बसवण्यासाठी रायझर वापरतात आणि त्याला वीज देण्यासाठी पुष्कळदा हार्ड डिस्कची साटा जोडणी लावली जाते. साटा जोडणीत १२ व्होल्टच्या तीन पिना असतात, प्रत्येकी दीड अँपिअरच्या. एकूण ५४ वॅट. कार्डाला स्लॉटमधून ७५ वॅटपर्यंत वीज घेण्याची मुभा असते. या वजाबाकीतून जळालेल्या जोडण्यांची छायाचित्रे पुष्कळ पाहायला मिळतात. रायझरला सहा पिनांची, थेट पॉवर सप्लायमधून आलेली केबलच द्यावी.

उष्णतेबद्दल चौकट यांनी लिहिले नाही, म्हणून पुरवणी जोडतो. यंत्रात गेलेली जवळपास सगळी वीज अखेर उष्णताच होते. साडेतीन किलोवॅट म्हणजे दोन खोली-हीटर दिवसरात्र चालू असल्यासारखे आहे. ती खोली वातानुकूलित करून थंड ठेवायची, तर त्यासाठी आणखी एक किलोवॅटहून अधिक वीज लागू शकते आणि वरचा १०७ सातोशींचा आकडा ८० च्या आसपास येतो. गरम हवा नळीवाटे थेट बाहेर सोडणे आणि दुसऱ्या बाजूने गार, धूळविरहित हवा आत घेणे हाच परवडणारा मार्ग आहे. थंड हवामानात मात्र हीच उष्णता घर किंवा पाणी तापवण्यासाठी वापरता येते, आणि तेथे हिशेब खरोखर पालटतो, कारण हीटरची वीज तशीही खर्च होणारच होती. पंख्यांचा आवाज ७५ डेसिबलच्या आसपास असतो. झोपण्याच्या खोलीशेजारी किंवा शेजाऱ्यांच्या भिंतीला लागून असे यंत्र ठेवू नये.


पडताळा

दोन्ही लेखन उपयुक्त आहे. माझे दोन प्रश्न आहेत. इतका खटाटोप करण्यापेक्षा तेवढ्या पैशांची नाणी सरळ विकत का घेऊ नयेत? आणि पूलमध्ये सामील होताना नेमके काय तपासावे? प्रत्येक पूल स्वतःला सर्वांत किफायतशीर म्हणवतो.


चौकट

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सरळ देतो. उद्देश केवळ नाणी साठवण्याचा असेल, तर बहुतेक घरांसाठी विकत घेणे स्वस्त पडते, आणि मूळ लेखातली कसोटी हेच तपासण्यासाठी दिली आहे. मायनिंगच्या बाजूने तीन परिस्थिती उरतात: वीज खरोखर स्वस्त किंवा अतिरिक्त आहे, जसे छतावरच्या सौरपटलांची विकता न येणारी वीज, उष्णतेचा घरात उपयोग आहे, किंवा ही यंत्रणा आतून समजून घ्यायची आणि तिचे काम थोड्या मोठ्या कंपन्यांच्या हाती एकवटू नये यासाठी आपला भार लावायचा, अशी इच्छा आहे. तिसऱ्या कारणाला मी कमी लेखत नाही. स्वतःचा नोड (जाळ्याच्या नोंदींची पूर्ण प्रत ठेवणारा संगणक) चालवून स्वतः व्यवहार पडताळून पाहणारा माणूस या विषयावर जे बोलतो, त्याला केवळ भाव पाहणाऱ्याच्या बोलण्यापेक्षा निराळे वजन असते. बिटअ‍ॅक्ससारखी पंधरा-वीस वॅटांवर चालणारी, खुल्या आराखड्याची छोटी यंत्रे याच वृत्तीतून आली. त्यांतून उत्पन्नाची अपेक्षा ठेवू नये, पण शिकायला ती उत्तम आहेत आणि विजेचे ओझे नगण्य आहे.

एसिक यंत्राची आणखी एक मर्यादा खरेदीपूर्वी ध्यानात घ्यावी. ते एकाच पद्धतीचे गणित करते. एसएचए-२५६ चे यंत्र लाइटकॉइन काढू शकत नाही, कारण तेथे स्क्रिप्ट ही पद्धत आहे. स्क्रिप्टचे यंत्र मात्र लाइटकॉइन आणि डोजकॉइन दोन्ही एकाच वेळी काढते, कारण २०१४ पासून त्या दोघांचे मायनिंग जोडलेले आहे. कास्पा हे नाणे २०२१ मध्ये आले तेव्हा ग्राफिक्स कार्डांवर निघत असे. २०२३ मध्ये त्याची एसिक यंत्रे आली आणि कार्डवाल्यांचे उत्पन्न काही महिन्यांत जवळजवळ संपले. ग्राफिक्स कार्ड निदान दुसऱ्या कामाला लावता येते किंवा विकता येते. निकामी झालेल्या एसिकचा उपयोग फारतर हीटर म्हणून.

पूलविषयी. पूल म्हणजे अनेकांनी मिळून शोध घ्यायचा आणि सापडलेले बक्षीस केलेल्या कामाच्या प्रमाणात वाटून घ्यायचे. वाटणीच्या मुख्य पद्धती दोन आहेत. पीपीएस पद्धतीत ब्लॉक लागो वा न लागो, प्रत्येक शेअरचे ठरलेले मोल मिळते. नशिबाचा धोका पूल पत्करतो आणि त्याबद्दल जास्त शुल्क घेतो. पीपीएलएनएस पद्धतीत ब्लॉक लागला तरच, अलीकडच्या शेअरांच्या प्रमाणात पैसे मिळतात. शुल्क कमी, पण मिळकत कमीजास्त होते आणि मधूनच यंत्र बंद करणाऱ्याचे नुकसान होते. दिवसातून काही तासच मायनिंग करणार असाल, तर पहिली पद्धत बरी. त्याखेरीज किमान रक्कम किती झाल्यावर पूल नाणी पाठवतो हे अवश्य पाहावे, कारण छोट्या मायनरची नाणी महिनोन्‌महिने पूलकडेच अडकून राहतात. सर्व्हर जवळचा निवडावा. अंतर जास्त असले की शेअर पोहोचेपर्यंत दुसरा कोणीतरी ब्लॉक शोधून मोकळा होतो आणि आपले काम शिळे ठरते. शिळ्या व नाकारलेल्या शेअरांचे प्रमाण एक टक्क्याच्या वर राहत असेल, तर जोडणीत किंवा यंत्राच्या अतिरिक्त वेगात दोष आहे असे समजावे.

आणि शक्य असेल तर सर्वांत मोठा पूल टाळावा. जून २०१४ मध्ये जीहॅश.आयओ या पूलकडे बिटकॉइनच्या एकूण हॅशरेटपैकी काही काळ निम्म्याहून अधिक हिस्सा गेला होता. ज्याच्याकडे निम्म्याहून अधिक वेग असतो, तो स्वतः केलेले व्यवहार मागे फिरवू शकतो. त्या वेळी अनेक मायनरांनी स्वतःहून पूल बदलला. मोनेरोसाठी २०२१ पासून पीटूपूल हा केंद्रीय चालक नसलेला पर्याय आहे. त्यात शुल्क नाही आणि बक्षीस थेट आपल्या वॉलेटमध्ये जमा होते. पहिलेपाऊल यांनी पुढेमागे स्वतःचा नोड चालवून तोच वापरावा, असे सुचवतो.


कुलूपबंद

सुरक्षिततेबद्दल थोडे. मायनिंग सुरू करण्याआधी वॉलेट तयार करावे, आणि ते वॉलेट ज्याच्या चाव्या (नाणी खर्च करण्यासाठी लागणारे गुप्त आकडे) स्वतःकडे आहेत असेच असावे. वॉलेट बनवताना ते पुन्हा मिळवण्यासाठीचे बारा किंवा चोवीस शब्द मिळतात (मोनेरोच्या मूळ वॉलेटमध्ये पंचवीस). ते कागदावर हाताने लिहून दोन वेगळ्या ठिकाणी ठेवावेत. त्यांचे छायाचित्र काढू नये, ईमेलमध्ये ठेवू नये, आणि कोणत्याही "मदत कक्षा"ला सांगू नयेत. पूलला केवळ पत्ता लागतो. शब्द मागणारा प्रत्येक जण चोर आहे.

मायनिंग सॉफ्टवेअर मूळ निर्मात्यांच्या पानावरूनच घ्यावे आणि फाइलची स्वाक्षरी किंवा हॅश जुळवून पाहावा. अँटिव्हायरस अशा सॉफ्टवेअरला धोकादायक ठरवतो, कारण दुसऱ्यांच्या संगणकांत चोरून बसवण्यासाठी गुन्हेगार तेच वापरतात. यामुळे नवशिका अँटिव्हायरसच बंद करून टाकतो, आणि त्याच क्षणाची वाट पाहणारी बनावट सॉफ्टवेअरे असतात, जी आपल्या पत्त्याच्या जागी दुसऱ्याचा पत्ता घालतात. सवलत द्यायची तर एका फोल्डरपुरती द्यावी, आणि शक्यतो मायनिंगचा संगणक व बँकेचे व्यवहार करण्याचा संगणक वेगळे ठेवावेत. कचेरीतल्या किंवा महाविद्यालयातल्या संगणकांवर परवानगीवाचून मायनिंग करणे ही चोरीच आहे. वीज दुसऱ्याची असते.

यंत्र न घेता घरबसल्या मायनिंगचा हिस्सा विकत घ्या, असे सांगणाऱ्या योजनांपासून विशेष सावध राहावे. बिटक्लब नेटवर्क या योजनेत लोकांना मायनिंगचे वाटे विकले जात होते; डिसेंबर २०१९ मध्ये अमेरिकेतील सरकारी वकिलांनी तिच्या चालकांवर किमान ७२ कोटी २० लाख डॉलरच्या फसवणुकीचा आरोप ठेवला. अशा ठिकाणी चौकट यांची कसोटी पुन्हा लावून पाहावी. एका टेराहॅशमागे रोज किती सातोशी निघू शकतात हे गणिताने ठरलेले असते. त्याहून अधिक देऊ करणारा तो फरक कोठून आणणार, याचे उत्तर नव्या सभासदांच्या पैशातून असेच निघते.


पहिलेपाऊल

सर्वांचे मनापासून आभार. मी संगणकावर मोनेरोपासून सुरुवात करायचे ठरवले आहे, वॉटमीटरही आणतो आहे. शेवटचे विचारतो: कोणत्या नोंदी ठेवाव्यात, आणि कोणत्या टप्प्यावर थांबावे?


चौकट

नोंदवहीत दर आठवड्याला चार आकडे पुरेत: वॉटमीटरवरचे युनिट, प्रत्यक्ष वॉलेटमध्ये जमा झालेली नाणी, जाळ्याची काठिण्यपातळी आणि त्या दिवशीचा भाव. पूलच्या पानावर दिसणारा अपेक्षित आकडा लिहू नये, हाती आलेलाच लिहावा. पहिल्या दोनवरून युनिटमागे किती नाणे पडले हे काढावे आणि तेवढ्याच विजेच्या पैशात किती नाणे विकत मिळाले असते, ते शेजारच्या रकान्यात लिहावे.

अनेक देशांत मायनिंगने मिळालेले नाणे हाती आले त्या दिवशीच्या भावाने उत्पन्न धरले जाते आणि पुढे ते विकताना होणारा नफा वेगळा मोजला जातो; त्यामुळे प्रत्येक जमा रकमेची तारीख, संख्या आणि त्या दिवसाचा भाव लिहिलेला असेल तर करसल्लागारापुढे अडचण येत नाही. काही देशांत मायनिंगवरच निर्बंध आहेत. आपल्या देशाचा नियम आधीच पाहून घ्यावा.

थांबण्याचा टप्पा आत्ताच, यंत्र सुरू होण्यापूर्वी, लिहून ठेवावा. शिकण्यासाठी दरमहा किती युनिट खर्च करायला आपली तयारी आहे ते ठरवावे आणि तो आकडा गाठला की त्या महिन्यापुरते सॉफ्टवेअर बंद करावे. ग्राफिक्स कार्ड किंवा एसिक घेण्याचा विचार पुन्हा मनात आला, तर लागोपाठ तीन महिन्यांच्या नोंदींत युनिटमागे पडलेले नाणे विकत मिळाले असते त्यापेक्षा जास्त दिसते का, ते पाहावे. प्रोसेसरचे तापमान मात्र पहिल्याच दिवशी अर्धा तास बसून बघा. ते नव्वद अंशांच्या वर जात असेल, तर दोन थ्रेड कमी करा आणि पंख्यावरची धूळ साफ करून मगच रात्रभर चालू ठेवा.